ऑनलाइन लेखन-सेवा देणारी कंपनी खरी आहे का, हे कसं तपासायचं? (नागपूर)

संशोधिका | शनिवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करतेय. प्रबंध लिहून झालाय. इंग्रजीत आहे आणि माझं इंग्रजी कामापुरतंच, म्हणून भाषा तपासून घेणं, संदर्भसूची एका पद्धतीत बसवणं आणि तक्त्यांचे क्रमांक-शीर्षकं नीट लावणं एवढं काम बाहेरून करून घ्यायचंय.

इन्स्टाग्रामवर एका 'रिसर्च अँड थीसिस रायटिंग' सेवेची जाहिरात दिसली. पत्ता नागपूरचाच, परसोडीच्या आयटी पार्कजवळचा, त्यामुळे जरा बरं वाटलं. वेबसाइट चकाचक. 'सिन्स २०१६', दहा हजारांवर समाधानी ग्राहक, लंडन-दुबई-सिडनीतही ऑफिसं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मुलगी बोलते, दर वाक्याला मॅम. कोटेशन आलंय ४२,००० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी, निम्मे आगाऊ. रविवारी रात्रीपर्यंत भरले तर १५ टक्के सूट. न मागता तिने उद्यमचं (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेट, आयएसओचं सर्टिफिकेट आणि कुठल्याशा पुरस्काराचा फोटोही पाठवला.

नावापुढे प्रा. लि. आहे. पण क्यूआर स्कॅन केला तर एका माणसाचं नाव येतं. विचारलं तर म्हणे, "ते आमचे अकाउंट्स हेड आहेत मॅम, कंपनी अकाउंटला सध्या लिमिट इश्यू आहे."

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. पण ती खरी आहे की नाही हे घरबसल्या कसं बघायचं, ते जाणकारांनी सांगावं.


वऱ्हाडी_ठेचा | ११.३४

ताई, पैसे देल्ले तर नाई ना अजून? नसन देल्ले तर हात आवरा. लंडनात ऑफिस हाये अन् खात्याले लिमिट लागून राहिली! असं कुठी रायते काय बाप्पा.


संशोधिका | ११.३६

नाही दिले. म्हणूनच तर धागा काढलाय.


ताळेबंद | दुपारी १२.१०

ती सर्टिफिकेटं आधी बाजूला ठेवा. उद्यम नोंदणी फुकट असते आणि स्वयंघोषणेवर होते. 'मी अमुक धंदा करतो' असं त्याने सरकारला सांगितलंय, याच्यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही सर्टिफिकेट देत नाही, ते काम बाहेरच्या प्रमाणन संस्था करतात, आणि त्यांच्यात पैसे घेऊन वाट्टेल ते छापून देणारेही आहेत. पुरस्कारावर मी बोलत नाही.

प्रा. लि. लिहिलंय ना, मग सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, मागा. खरं तर मागायची वेळच यायला नको. कंपनी कायदा २०१३, कलम १२ प्रमाणे लेटरहेड, बिलं, नोटिसा यांवर कंपनीला नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन आणि ईमेल छापावाच लागतो. तुमच्या कोटेशनवर आहे का बघा.

हा क्रमांक २१ अक्षर-आकड्यांचा असतो आणि तो वाचता येतो. पहिलं अक्षर एल किंवा यू, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात. मग राज्याची दोन अक्षरं, आपली एमएच. मग चार आकडी स्थापनेचं वर्ष. मग पीटीसी, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. शेवटचे सहा आकडे नोंदणीचे. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर हा क्रमांक नसतो, त्यांचा एलएलपीआयएन वेगळा आणि छोटा.

क्रमांक मिळाला की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर 'मास्टर डेटा' उघडा. नाव, पत्ता, स्थापनेची तारीख, संचालक, भांडवल आणि सध्याची स्थिती फुकटात दिसते. 'अ‍ॅक्टिव्ह' वाचून लोक खूश होतात आणि पोर्टल बंद करतात. त्याच पानावर शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा दाखल आहे तेही असतं. चार-पाच वर्षं ताळेबंदच नाही आणि दहा हजार ग्राहक, हे गणित बसत नाही. फारच शंका असेल तर १०० रुपये भरून कंपनीने दाखल केलेले कागद तीन तास उघडून बघता येतात. ४२ हजारांच्या कामासाठी १०० रुपये जास्त नाहीत.


संशोधिका | दुपारी १.४५

कोटेशनवर सीआयएन नव्हता. मागितल्यावर बऱ्याच वेळाने आला. तुम्ही सांगितल्यासारखा वाचला. यू, मग २४ पासून सुरू होणारे पाच आकडे, मग जीजे, मग २०११.

जीजे म्हणजे गुजरात ना? वेबसाइट तर २०१६ आणि नागपूर म्हणते. पोर्टलवर टाकलं तर कंपनी निघाली, अ‍ॅक्टिव्ह आहे, पत्ता गुजरातचा. नाव जवळपास तेच, शेवटचा एक शब्द वेगळा. संचालकांमध्ये क्यूआरवाल्या माणसाचं नाव नाही.


ताळेबंद | १.५२

२०११ च्या सीआयएनमध्ये २४ म्हणजे रसायनं.


वऱ्हाडी_ठेचा | १.५५

😂😂 थीसिसले फिनाइल मारून देतीन.


तर्रीपोहा | २.०३

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


ताळेबंद | २.२०

हसू नका, हे नेहमीचं झालंय. चालू असलेल्या, सरळ कंपनीचा क्रमांक उचलायचा, नावात एखादा शब्द इकडेतिकडे करायचा आणि आपला म्हणून लावायचा. नुसतं 'क्रमांक खरा आहे का' एवढंच बघणारा माणूस इथे फसतो. क्रमांक खराच आहे, पण तो यांचा नाही. त्या गुजरातच्या कंपनीला याचा पत्ताही नसेल. बाकी नोंदणी नसताना नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' लावणं हाही गुन्हा आहे. कलम ४५३, दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड.


रवीनगर_डीटीपी | ३.१५

थोडं वेगळं बोलतो. माझं टायपिंग, प्रूफ आणि मांडणीचं काम आहे. विद्यापीठाजवळ असल्यामुळे निम्मं गिऱ्हाईक प्रबंधांचंच. मी एमसीएवर सापडणार नाही, कारण माझी कंपनीच नाही. एकट्याची प्रोप्रायटरशिप आहे. बर्डीवर बघा, निम्मी दुकानं अशीच आहेत. प्रोप्रायटरशिपचं देशभर एक असं रजिस्टरच नसतं. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर घ्यायची सक्तीही नाही. गुमास्ता असतो, चालू खातं असतं, बिलबुक असतं, संपलं. तेव्हा 'पोर्टलवर नाही म्हणजे चोर' असं लिहून आमच्या पोटावर पाय देऊ नका.

संशोधिका ताई, माझं म्हणणं एवढंच की माणसाच्या नावाचा क्यूआर यात गैर काही नाही. माझाही तसाच आहे. पण मी माझ्या पाटीवर प्रा. लि. लिहीत नाही आणि दुबईत ऑफिस असल्याचं सांगत नाही.

आणि निम्मे आगाऊ का द्यायचे? आमच्याकडे प्रकरणागणिक काम चालतं. एक प्रकरण द्या, करून घ्या, आवडलं तर त्याचे पैसे द्या, मग पुढचं. ज्याला काम येतं तो याला नाही म्हणत नाही. २१,००० आधी टाका म्हणणाऱ्याला तुमचं दुसरं प्रकरण बघायचंच नसतं.


संशोधिका | ३.४०

पटलं. म्हणजे कंपनी नाही हा मुद्दाच नाही, आहे म्हणून सांगतायत हा मुद्दा आहे. प्रकरणागणिक देता का म्हणून विचारून बघते.


हिशोबनीस | सायंकाळी ५.०५

जीएसटी लावतायत म्हणजे नंबर दिला असेलच. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे सरळ त्या माणसाचा किंवा कंपनीचा पॅन. आता पॅनमधलं चौथं अक्षर बघायचं, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं. सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, पी असेल तर व्यक्ती. त्याच्या पुढचं, सातवं अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचं आद्याक्षर असतं आणि कंपनीच्या बाबतीत कंपनीच्या नावाचं. पोर्टल न उघडता निम्मा उलगडा इथेच होतो.

उरलेला निम्मा जीएसटीच्या साइटवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये. लॉगिन लागत नाही, फक्त कॅप्चा. तिथे 'लीगल नेम' आणि 'ट्रेड नेम' वेगवेगळं येतं. ट्रेड नेम माणूस हवं ते ठेवतो. आपण लीगल नेम वाचायचं.


संशोधिका | ५.३१

सहावं अक्षर पी. सातवं, क्यूआरवाल्या माणसाच्या आडनावाचं पहिलं अक्षर!

साइटवर लीगल नेम त्याचंच आलं. म्हणजे 'अकाउंट्स हेड' हेच मालक. आणि स्थितीमध्ये लिहिलंय 'कॅन्सल्ड सुओ मोटो'. याचा अर्थ?


हिशोबनीस | ५.३८

खात्याने आपणहून नोंदणी रद्द केली. बहुतेक वेळा सलग विवरणपत्रं न भरल्यामुळे करतात. रद्द झालेल्या नंबरावर जीएसटी गोळा करता येत नाही. तुमच्या कोटेशनमधले ७,५६० रुपये सरकारकडे जाणार नव्हते, सरळ खिशात जाणार होते.

आणि क्यूआरवर दिसलेलं नाव पक्कं समजा. २०२५ च्या जूनअखेरपासून यूपीआय अ‍ॅपवर बँकेत नोंदलेलंच नाव दाखवायचं असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम आहे. पूर्वी माणूस स्वतःला वाटेल ते नाव लावू शकायचा.


काळा_कोट | ७.१०

कोर्टातून आत्ता मोकळा झालो (शनिवारी कसलं कोर्ट विचारू नका, अशील घरी येतात).

तुम्ही सगळे 'कंपनी खरी का' विचारताय. आम्ही वकील लोक वेगळं विचारतो: उद्या भांडण झालं तर नोटीस कोणाच्या नावाने आणि कुठल्या पत्त्यावर पाठवू? पैसे घेणारं नाव, बिल फाडणारं नाव आणि सरकारी नोंदीतलं नाव ही तिन्ही एक असली तर मग ती कंपनी असो, भागीदारी असो की रवीनगर भाऊंसारखा एकटा माणूस, मला फरक पडत नाही. इथे पैसे एक घेतोय, कोटेशन दुसऱ्या नावाने आहे आणि क्रमांक तिसऱ्याचा. ग्राहक आयोगात तक्रार टाकायची म्हटली तरी विरुद्ध पक्षाच्या रकान्यात काय लिहिणार?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. समोरचा सिडनीचा असला तरी तुम्ही नागपुरात तक्रार करू शकता, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण ती बजावायला पत्ता खरा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत अशा साइटने स्वतःचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क साइटवर द्यायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात. साइटच्या तळाशी तक्रार अधिकारी शोधा. नुसता 'कॉन्टॅक्ट अस'चा फॉर्म असेल तर समजून जा.


लेस्टरची_लेक | रात्री ९.४८

मूळची धरमपेठची, सध्या इंग्लंडात. तो 'लंडन ऑफिस'चा पत्ता पाहिलात का? इथे कंपनीज हाऊसच्या (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर कुठलीही ब्रिटिश कंपनी फुकट शोधता येते. संचालक, हिशोब, सगळे कागद पीडीएफमध्ये. तिकडे एमसीएवर १०० रुपये लागतात, इथे तेही नाही. पण कंपनी सापडली म्हणून हुरळून जाऊ नका. मे २०२४ पर्यंत इथे १२ पौंडांत ऑनलाइन कंपनी नोंदवता येत होती, आणि माहिती खरी आहे का ते फारसं कोणी बघत नव्हतं. एकेका पत्त्यावर हजारो कंपन्या असतात, टपाल स्वीकारण्यापुरत्या. हिशोबाच्या जागी 'डॉर्मंट अकाउंट्स' दिसले तर त्या कंपनीने त्या वर्षात धंदाच केलेला नाही. डॉर्मंट कंपनी आणि हजारो ग्राहक अशी जोडी लिहिण्याच्या धंद्यात नेहमीच भेटते. अमेरिकेत डेलावेअरला नोंदलेली असेल तर फुकटच्या शोधात मालक किंवा संचालक कोण ते कळतही नाही.

आणखी एक. इंग्लंडमध्ये २०२२ च्या 'स्किल्स अँड पोस्ट-१६ एज्युकेशन' कायद्याने विद्यार्थ्यांना निबंध-असाइनमेंट लिहून विकणं गुन्हा आहे, त्याची जाहिरात करणंही. ऑस्ट्रेलियात २०२० पासून आहे. म्हणजे 'थीसिस रायटिंग'ची पाटी लावून लंडन आणि सिडनीत ऑफिस असल्याचं मिरवणारा एकतर खोटं बोलतोय किंवा तिथला गुन्हा कबूल करतोय.


वऱ्हाडी_ठेचा | ९.५५

+१. पहिलंच असन.


निवृत्त_गाईड | रविवार, सकाळी ७.२५

इतका वेळ वाचत होतो. कंपनी कायदा, जीएसटी, कंपनीज हाऊस सगळं झालं. मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. जाहिरातीत 'थीसिस रायटिंग' लिहिलंय. उद्या या सेवेचे सगळे कागद चोख निघाले, दरवर्षी ताळेबंद भरला, जीएसटी वेळेवर दिला, तर मग प्रबंध लिहून घेणं चालेल का? नोंदणीकृत दुकानातून घेतली म्हणून पदवी विकतची राहत नाही का?

मी अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. स्वतः न लिहिलेला प्रबंध तिथे उघडा पडतो. "हे गृहीतक का घेतलं" विचारलं की माणूस पान उलटायला लागतो.


संशोधिका | ८.४०

सर, नमस्कार. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की प्रबंध मी लिहिलेला आहे. भाषा आणि मांडणी तपासून हवीय. माझ्या गाईडना विचारूनच करतेय. सर्वेक्षणासाठी सावनेर-काटोलच्या संत्रा व्यापाऱ्यांकडे मीच हिंडलेय, भर उन्हात. त्यातलं एकही वाक्य मी कोणाला लिहायला देणार नाही.


निवृत्त_गाईड | ९.०५

रागावू नका, तुमच्यावर शंका नाही. रेघ कुठे आहे ते इतरांसाठी लिहितो. व्याकरण, स्पेलिंग, संदर्भांची पद्धत, तक्त्यांची मांडणी हे कोणी करून दिलं तर बिघडत नाही, ऋणनिर्देशात उल्लेख करावा. युक्तिवाद, विश्लेषण, निष्कर्ष तुमचे हवेत. या सेवा 'एडिटिंग' म्हणून घेतात आणि परिच्छेदच्या परिच्छेद नवे लिहून देतात. त्यातला मजकूर कुठून उचललेला असतो ते तुम्हाला कळत नाही, आणि सही तुमची असते.

यूजीसीचे वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम वाचा. दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायला सांगतात. ४० ते ६० ला एक वर्ष सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य, संदर्भ, अवतरणं हे वगळतात, त्यामुळे प्रामाणिक माणसाने घाबरायचं कारण नाही.


रवीनगर_डीटीपी | ९.३०

सरांना जोडून. या सेवा 'प्लेजरिझम रिपोर्ट'चे वेगळे तीन-चार हजार लावतात. यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधशुद्धी योजनेत विद्यापीठांना साम्य तपासायचं सॉफ्टवेअर मिळालेलं आहे, त्यांच्याच ग्रंथालयात विचारा. बाहेरच्याकडून करून घेण्यात धोका वेगळाच आहे. काही सॉफ्टवेअर टाकलेली फाइल स्वतःच्या साठ्यात ठेवून घेतात. बाहेरच्या माणसाने चुकीची सेटिंग ठेवून तुमचा प्रबंध चढवला की नंतर विद्यापीठात तपासणी होताना तो तुमच्याच प्रबंधाशी जुळतो. मग शंभर टक्के साम्य! निस्तरता निस्तरता माणूस रडकुंडीला येतो.


शब्दमजूर | ११.१५

मी पलीकडच्या बाजूने लिहिते, म्हणजे लिहून देणाऱ्यांच्या. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असताना एका अशाच 'रिसर्च' सेवेसाठी काम केलं होतं. शब्दाला आठ आणे. वेबसाइटवर 'पीएच.डी.धारक तज्ज्ञांची टीम' म्हणून ज्यांचे फोटो होते त्यातलं कोणी कधी दिसलं नाही, तज्ज्ञ म्हणजे मी आणि माझ्यासारख्या मुली. फार्मसीचा प्रबंध आला तरी आम्हीच. त्या टीमच्या फोटोंवर गूगलचा उलटा शोध चालवून बघा. एकच चेहरा दंतवैद्याच्या जाहिरातीतही सापडतो.

साइट किती जुनी तेही बघता येतं. हूइज या ऑनलाइन नोंदवहीत डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कधी नोंदवलं ती तारीख असते, आणि वेबॅक मशीनवर त्याच पत्त्यावर आधी काय होतं ते दिसतं.

आता काम करत असलेल्या मुला-मुलींसाठी. कंपनी खरी का हे लेखकालाही तपासायचं असतं, उलट जास्तच. काम द्यायच्या आधी 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'ट्रेनिंग फी' मागितली की उठायचं. जुन्या लेखकाशी बोलायला मिळालं तर त्याला एकच विचारायचं: तुझा टीडीएस २६एएस मध्ये दिसतो का? तुमच्या पैशातून कापलेला कर त्या फॉर्मात कापणाऱ्याच्या नावानिशी येतो. बिलातून १० टक्के कापून घेतात आणि फॉर्ममध्ये काहीच नसतं, असं मी पाहिलंय.


संशोधिका | दुपारी १२.२०

हूइज बघितलं. डोमेन गेल्या वर्षीचं आहे. मग २०१६ कुठून आलं देव जाणे.


तर्रीपोहा | १२.५०

अवांतर: मी त्याच बाजूला राहतो. नाश्ता आणायला निघालोच होतो तर तुम्ही व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवलेल्या पत्त्यावर चक्कर मारून आलो. बिल्डिंग आहे. त्या मजल्यावर भाड्याने टेबल देणारं को-वर्किंग आहे, रविवारीही उघडं. बोर्डवर नाव नाही. रिसेप्शनवरच्या पोराने सांगितलं की नाव फक्त टपालासाठी नोंदवलेलं होतं, ते पॅकेजही संपलं. फोटो काढू दिला नाही.


काळा_कोट | १.३०

को-वर्किंगचा पत्ता असणं वाईट नाही, बरेच नवे उद्योग तिथूनच चालतात. पॅकेज संपल्यावरही तोच पत्ता छापणं वाईट.

ज्यांना खरंच कंटेंट लिहून घ्यायचंय, म्हणजे धंद्याची वेबसाइट, माहितीपत्रक वगैरे, त्यांनी करारात आणखी एक बघावं. पैसे दिले म्हणजे मजकूर आपल्या मालकीचा झाला असं लोकांना वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखनाचा पहिला मालक लेखक. नोकरीत पगारी लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरून लिहून घेतलं तर हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. खरी लेखनसेवा हा कागद स्वतःहून देते. तुमच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणाऱ्या त्या मॅडमला विचारा, गंमत म्हणून.


संशोधिका | रात्री ८.१५

विचारलं. प्रकरणागणिक पैसे चालतील का, बिल कोणाच्या नावाने येईल आणि जीएसटी नंबर रद्द कसा, हे तीन प्रश्न एका मेसेजमध्ये पाठवले. आधी "लेट मी चेक विथ सीनियर मॅम" आलं. मग सूट १५ ची ३० टक्के झाली. मग डीपी गेला, म्हणजे बहुतेक ब्लॉक केलं.

इन्स्टावरची जाहिरात रिपोर्ट केली. पैसे गेलेले नसले तरी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर तो व्हॉट्सअ‍ॅप नंबर कळवता येतो, तेही केलं. काम आता इथल्याच माणसाकडे देतेय, एक प्रकरण आधी. रवीनगर भाऊ, तुम्हाला व्यनि केलाय.


रवीनगर_डीटीपी | ८.४०

बघितला. चौथं प्रकरण पाठवा, त्यात तक्ते जास्त आहेत म्हणता ना. त्याच्यावरूनच अंदाज येईल. फाइल वर्डमध्ये द्या, पीडीएफ नको.


कामठी_रोड | रात्री १०.०५

वाचनखूण साठवली. धागा थोडा वळवतो. माझ्या भाच्याने घरबसल्या टायपिंग-लेखनाचं काम घेतलं. ऑनलाइन करारावर सही केली, आधार कार्ड दिलं. आता म्हणतात अचूकता ९० टक्क्यांच्या खाली आली, करारभंग झाला, ६,८०० रुपये भर नाहीतर कोर्टात खेचू. व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस आली आहे, अशोकस्तंभ वगैरे छापलेली. पोरगं जेवत नाही दोन दिवसांपासून. कंपनी 'रजिस्टर्ड' आहे म्हणून तो घाबरलाय.


काळा_कोट | १०.२२

भरू नका. एकदा भरले की दुसरी नोटीस येते.

वकिलाची नोटीस हे पत्र असतं, कोर्टाचा हुकूम नव्हे. त्यावर अशोकस्तंभ छापायचा अधिकार वकिलाला नाही. नोटिशीवर वकिलाचा सनद क्रमांक आहे का बघा. आपल्याकडचा एमएएच, मग क्रमांक, मग वर्ष असा असतो. संबंधित राज्याच्या बार कौन्सिलकडे विचारलं की माणूस खरा का ते कळतं. आणि खरा निघाला तरी करारातली दंडाची रक्कम जशीच्या तशी वसूल होत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, तीही कोर्टाने ठरवली तर.

कंपनी रजिस्टर्ड आहे म्हणता, तर वर ताळेबंद यांनी दिलेला एमसीएचा शोध आधी करा. क्रमांक त्यांचाच आहे का तेही बघा. सगळे मेसेज, करार, नोटीस यांचे स्क्रीनशॉट तारखांसकट ठेवा, चॅट डिलीट करू नका. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. आधी काही पैसे दिले असतील तर आत्ताच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, उशीर करू नका. दिले होते का काही?


कामठी_रोड | १०.३१

रजिस्ट्रेशनचे म्हणून १,२०० दिले होते, गेल्या महिन्यात. फोन लावतो. नोटीस उद्या सकाळी नाव झाकून इथे टाकू का?


काळा_कोट | १०.३३

टाका. आधारचा नंबरही झाका. आणि पोराला जेवायला घाला.